तळ्याचा ठेका, बोटुकलीचा हिशेब

२०२२ साली जगात एक उलटापालट झाली आणि आपल्याकडे तिची फारशी वाच्यता झाली नाही. समुद्रातून आणि नद्यांतून पकडलेल्या माशांपेक्षा पाळलेल्या माशांचं वजन पहिल्यांदाच जास्त भरलं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकड्यांनुसार त्या वर्षी शेवाळ आणि पाणवनस्पती सोडून ९ कोटी ४४ लाख टन जलचर शेतीतून आले, म्हणजे एकूण उत्पादनाच्या ५१ टक्के. या शेतीत भारत चीनखालोखाल आहे. २०२२-२३ मध्ये देशाचं मत्स्योत्पादन १७५ लाख टनांच्या पुढे गेलं आणि त्यातला जवळपास तीन-चतुर्थांश मासा समुद्राबाहेरचा होता.

महाराष्ट्राचं चित्र नेमकं उलटं आहे. इथे मासा म्हटलं की पापलेट, सुरमई, बोंबील आणि ससून डॉक डोळ्यासमोर येतो. भंडाऱ्याच्या आठवडी बाजारातला रोहू कुणाला आठवत नाही. देशात सर्वांत जास्त मोठी धरणं याच राज्यात आहेत, पूर्व विदर्भात जुन्या तलावांची दाटी आहे, गेल्या दहा-पंधरा वर्षांत शेततळी गावोगाव झाली, आणि तरी गोड्या पाण्यातलं उत्पादन सागरी उत्पादनाच्या मागेच आहे. पैसा आला नाही असंही नाही. केंद्राची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये पाच वर्षांसाठी २०,०५० कोटींच्या आराखड्यासह आली, पुढे तिची मुदत वाढली. पिंजरे, टाक्या, प्लास्टिकचं अस्तर, शीतपेट्या लावलेल्या मोटारसायकली, सगळ्याला अनुदान आहे. तरीही ज्याच्या नावाने हे सगळं चालतं त्या लहान मत्स्यशेतकऱ्याचे प्रश्न फारसे हलत नाहीत. कारण ते लोखंडाचे आणि प्लास्टिकचे नाहीतच. पाण्यावर त्याचा हक्क किती वर्षांचा, बीज कधी आणि कुठल्या आकाराचं मिळतं, आणि मासा काढल्यावर तो कुणाला विकायचा, या तीन गोष्टींत त्याचं घोडं अडतं. नेमक्या याच तीन गोष्टींचं उद्घाटन करता येत नाही.

लहान मत्स्यशेतकरी म्हणजे तरी कोण? कागदावर एकच शब्द असला तरी माणसं निराळी आहेत. एक आहे तलावावर पिढ्यान् पिढ्या जाळं टाकणारा ढिवर किंवा भोई. त्याच्याकडे कसब आहे, जमीन नाही. दुसरा द्राक्ष-डाळिंबाचा शेतकरी. त्याच्याकडे जमीन आहे, शेततळं आहे, माशाचा अनुभव नाही. तिसरा धरणग्रस्त, त्याची जमीन पाण्याखाली गेली आणि आता त्याच पाण्यावर तो उतरू पाहतो. चौथी खाडीकाठची बाई, कालवं आणि खेकडे वेचणारी. या चौघांना एकच अर्ज आणि एकच प्रकल्प अहवालाचा नमुना दिला जातो.

पहिल्यापासून सुरू करू, कारण सगळ्यात जुनी व्यवस्था त्याची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव साडेसहा हजारांहून जास्त आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या जाणकारांनी जमिनीचा उतार वाचून ते बांधले. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा पुढच्यात, अशी साखळी. खाली धान, पाळीखाली ऊस, तलावात शिंगाडा, कमळकंद आणि मासा. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. कोहळ्यांची देखभालीची रीत तुटली आणि तिच्या जागी जिल्हा परिषद, पाटबंधारे खातं आणि ग्रामपंचायत अशी विभागणी आली. गाळ साचला, कडेने अतिक्रमण झालं, बेशरमीची झुडपं पसरली.

आता या तलावातलं पाणी शेतकऱ्याचं आणि मासा मच्छीमार सहकारी संस्थेचा, अशी स्थिती आहे. संस्थेला तलाव ठेक्याने मिळतो. धानाला सप्टेंबर-ऑक्टोबरात शेवटचं पाणी हवं असतं, ते सोडलं की तलाव खाली जातो. मासा तेव्हा जेमतेम तळहाताएवढा झालेला असतो. दोघांची गरज खरी आहे आणि दोघांमध्ये लेखी करार जवळपास कुठेच नाही. किती फूट पाणी माशासाठी ठेवायचं हे एकदा ठरलं तर निम्मी भांडणं मिटतील. त्याला अनुदान लागत नाही, ग्रामसभेची एक बैठक आणि पाळीवर मारलेली रंगाची एक रेघ पुरते. पण हे काम कुणाच्याच खात्यात मोडत नाही. मत्स्यव्यवसाय विभाग ठेका बघतो, पाणी दुसरं खातं सोडतं.

ठेक्याची मुदतही आखूड असते. पाच वर्षांसाठी घेतलेल्या तलावातला गाळ कोण काढेल? काठावर झाडं कोण लावेल? ज्याला पुढच्या लिलावाची धास्ती आहे तो जाळ्याची आस बारीक करतो आणि जमेल तेवढं काढून घेतो. हे त्याच्या अडाणीपणामुळे होत नाही, हिशेबच तसा आहे. शाश्वततेवर व्याख्यान देण्याआधी मुदत वाढवावी.

मुदतीपलीकडे मूळ हक्काचाही एक धागा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जलाशयांतल्या माशांवरचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. पेसा कायदा १९९६ चा, त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचं नियोजन त्यात स्थानिक स्वराज्याकडे दिलं आहे. गडचिरोलीतल्या ग्रामसभांनी या कायद्यांचा आधार घेऊन आपल्या तलावांवर दावा सांगितला, ते योग्यच होतं. पण यात एक पेच आहे. ढिवर भटक्या जमातींत मोडतात, अनुसूचित जमातींत नाहीत. वनहक्कासाठी त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. ज्या समाजाच्या नावावर कधी सातबारा नव्हता तो पुरावा आणणार कुठून? ग्रामसभा आणि मच्छीमार संस्था यांच्यात तलाव वाटून घेण्याची रीत जिथे गावाने स्वतः बसवली तिथे निभावतं. बाकी ठिकाणी प्रकरण कचेरीत जातं.

या तलावांबद्दल एक गोष्ट उशिरा लक्षात आली. साठ-सत्तरच्या दशकापासून सरकारी सल्ला एकच होता: तलावातले ‘निरुपयोगी’ मासे काढा आणि रोहू, कटला, मृगळ सोडा, जोडीला चंदेरा, गवत्या, सायप्रिनस. उत्पादन वाढवण्याच्या दृष्टीने सल्ला चुकीचा नव्हता. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एकाच पाण्यात तीन मजले भाड्याने दिल्यासारखं. पण मामा तलाव म्हणजे खणलेलं चौकोनी तळं नव्हे. त्यात मरळ आणि मांगूर होते, वाम होती, झिंगे होते, नाना जातींची बारीक मासळी होती. मरळ पाणवनस्पतींच्या आडोशाला घरटं करतो आणि पिलांची राखण करतो. गवत्या तीच वनस्पती खातो. पाण्याखालचं रान गेलं की स्थानिक मासा गेला, आणि स्थानिक मासा हा असा की त्याचं बीज दरवर्षी विकत आणावं लागत नव्हतं.

गोंदिया-भंडाऱ्यात फाउंडेशन फॉर इकॉनॉमिक अँड इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट या संस्थेसोबत ढिवर समाजाच्या स्त्रियांनी काही तलावांत उलट्या दिशेने काम केलं. बेशरम उपटली, उन्हाळ्यात उघडं पडलेलं बुड नांगरलं, दुसऱ्या तलावांतून स्थानिक पाणवनस्पती आणून लावल्या, स्थानिक मासे परत सोडले. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते ही माहिती या बायकांकडे आणि म्हाताऱ्या मच्छीमारांकडे होती, कुठल्या पुस्तिकेत नव्हती. हे काम लहान आहे, सगळ्या तलावांना लागू करायला सोपंही नाही. पण विदर्भातला सारस ज्या पाणथळीत आणि धानाच्या बांधीत वावरतो ती याच तलावांच्या आसऱ्याने टिकली आहे, तेव्हा टनांखेरीजही या कामाचं माप काढायला जागा आहे.

पोषणाचं माप तर हवंच. बांगलादेशात परसातल्या तळ्यांमध्ये मोठ्या माशांबरोबर मोला हा बोटभर मासा वाढवण्याचा प्रयोग झाला. मोला डोक्या-काट्यासकट खाल्ला जातो आणि त्यात ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर असतं. मोठा मासा बाजारात गेला, बारका घरच्या कालवणात. या कामासाठी शकुंतला थिलस्टेड यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडे याच आकाराच्या माशांना ‘कचरा मासळी’ म्हणत तलाव साफ करण्याच्या शिफारशी झाल्या. कुपोषणाची चर्चा ज्या जिल्ह्यांत सगळ्यात जास्त होते तिथेच हे झालं, याचा कुणी हिशेब मांडलेला नाही.

आता बीज. इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण माझ्या मते महाराष्ट्राच्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे.

१९५७ च्या १० जुलैला ओडिशातल्या अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. त्याआधी बीज म्हणजे पुराच्या पाण्यात नदीतून गाळून घेतलेलं, त्यात काय निघेल याचा भरवसा नाही. रोहू, कटला आणि मृगळ साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत, म्हणून त्या टोचणीचं मोल एवढं मोठं. आजचा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्याच तारखेला असतो. पुढे भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील जलजीवपालन संस्थेने नॉर्वेच्या मदतीने निवडीतून ‘जयंती रोहू’ तयार केला. दर पिढीमागे वाढीचा वेग सुमारे १७ टक्क्यांनी सुधारला. विज्ञानाने आपलं काम केलं आहे.

गावात मात्र बीज पिशवीतून येतं. कोलकात्याजवळच्या नैहाटीतून किंवा आंध्रातून, प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, रेल्वेने नाहीतर टेम्पोने. ऑर्डर जुलैची, माल ऑगस्टच्या शेवटी. पिशवीत सांगितलेली जात किती आणि मिसळ किती हे डोळ्यांनी कळत नाही. पिशवी थेट पाण्यात ओतली तर तापमानाच्या धक्क्यानेच पिल्लं मरतात. ती आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्यायची असते. आणि मुख्य म्हणजे जे सोडलं जातं ते फार बारीक असतं. मत्स्यजिरे म्हणजे जेमतेम सात-आठ मिलिमीटरचा जीव. तलावातला मरळ, बेडूक आणि पाणकिडे यांची ती मेजवानीच. संस्थेच्या वहीत ‘पाच लाख बीज सोडले’ अशी नोंद होते, पण तलावात किती उरलं याची नोंद ठेवायला वही नाही.

जिऱ्यापासून बीज व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि नीट सांभाळलं तर शंभरातली तीस-चाळीस पिल्लं जगतात. त्या बिजापासून बोटभर बोटुकली व्हायला आणखी दोन-तीन महिने, आणि त्यात साठ-सत्तर टक्के जगतात. म्हणजे पाच लाख जिऱ्यांतून बरं चाललं तर लाखभर बोटुकली हाती लागते. ही बोटुकली तलावात सोडली तर ती शत्रूच्या तोंडातून बऱ्यापैकी निसटते.

आता महाराष्ट्राच्या पाण्याकडे बघा. राज्यातली बरीचशी लहान तळी, विदर्भातल्या बोड्या, गावतळी, पाझर तलाव चार-पाच महिनेच भरलेले असतात. खाण्याजोगा मासा तयार करायला हा काळ अपुरा आहे आणि म्हणून ही पाणी ‘मत्स्यपालनास अयोग्य’ ठरतात. पण जिरे ते बोटुकली हा प्रवास जुलैत सुरू होऊन ऑक्टोबरात संपतो, अगदी या पाण्याच्या मुदतीत. उन्हाळ्यात तळं कोरडं पडतं हा दोषही इथे गुण ठरतो, कारण तळाशी दडलेले शिकारी मासे मरतात आणि बुड तापून सुधारतं. गावातल्या बोडीत बचत गटाने बोटुकली तयार करावी आणि शेजारच्या बारमाही तलावाच्या संस्थेने ती विकत घ्यावी. भांडवल कमी, जोखीम तीन महिन्यांची, वाहतूक दोन-चार कोसांची. असं काम तुरळक ठिकाणी होतं. योजना मात्र मोठ्या हॅचरीला पैसे देतात, आणि मधला हा टप्पा मोकळाच राहतो.

शेततळ्याची कथा निराळी आहे. २०१६ मध्ये राज्याने ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली, अवर्षणग्रस्त भागांत तळी वाढली. फळबागवाल्यांच्या तळ्यांना प्लास्टिकचं अस्तर आलं, कारण खाली मुरलेलं पाणी त्यांच्या दृष्टीने वाया गेलेलं पाणी. (भूजल उपसून या तळ्यांत साठवण्याचा जो उद्योग काही ठिकाणी चालतो तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) मग प्रत्येक मेळाव्यात सांगितलं जाऊ लागलं की पाणी आहेच, मासे सोडा, लाखोंचं उत्पन्न घ्या.

हिशेब करून बघू. तीस मीटर बाय तीस मीटरचं तळं म्हणजे नऊ गुंठे, आणि बाजू उतरत्या असल्याने खाली त्याहून कमी. हेक्टरी आठ हजारांच्या दराने त्यात सातशेवीस बोटुकल्या. पाऊणपट जगल्या तर पाचशेचाळीस मासे. ऑगस्टात सोडून मार्चात काढले आणि वेळच्या वेळी खाद्य दिलं तर अर्ध्या किलोचा मासा मिळाला म्हणू. एकूण पावणेतीनशे किलो. किलोला दीड-दोन किलो खाद्य लागतं आणि एकूण खर्चातला निम्म्याहून अधिक वाटा त्या खाद्याचाच. बाजारभाव कुठलाही धरा, यावर संसार चालत नाही. भाजीपाल्याचा, खताचा खर्च निघेल, घरात मासा खाल्ला जाईल, आणि माशांची विष्ठा मिसळलेलं पाणी बागेला खत म्हणून लागेल. जोडधंदा म्हणून हे उत्तमच आहे. फक्त जोडधंद्याला जोडधंदा म्हणावं.

अस्तराच्या तळ्यात मातीच नसते, म्हणून माशाचं नैसर्गिक अन्न, ते प्लवंग, सहज तयार होत नाही. शेण आणि पेंड घालून पाणी हिरवट करावं लागतं. कोपरापर्यंत हात बुडवला आणि तळवा दिसेनासा झाला की पाणी जमलं, ही जुनी कसोटी अजून चालते. हिरवेपणा वाढला तर पहाटे प्राणवायू खाली येतो, मासे तोंड वर काढून हवा घेऊ लागतात. पहाटे तळ्यावर चक्कर मारणारा शेतकरी टिकतो, नऊ वाजता येणाऱ्याला तरंगलेले मासे दिसतात. शिवाय पाण्याचा खरा मालक डाळिंब. मार्च-एप्रिलमध्ये बागेला पाणी हवं तेव्हा मासा मध्ये येत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून या तळ्यांतही मोठी बोटुकली सोडून लवकर काढणं हाच मार्ग, आणि आपण फिरून बोटुकलीपाशी येतो.

धरणांकडे वळलं की राजकारण वाढतं. पाणी विस्तीर्ण, ठेका मोठा, आणि संस्थेच्या नावामागे ठेकेदार उभा. मध्य प्रदेशात तवा धरणावर विस्थापितांच्या तवा मत्स्य संघाने १९९६ पासून दहा वर्षं जलाशय चालवला. बीज सोडणं, पकड, वाहतूक, विक्री सगळं स्वतः केलं, मासेमारी बंदीचा काळ स्वतः पाळला. २००६ मध्ये त्यांचा ठेका संपला आणि तो पुन्हा मिळाला नाही. संघाचं काम वाईट होतं म्हणून हे घडलं नाही. झारखंडात चांडिल धरणावर विस्थापितांच्या सहकारी संस्थांनी पिंजऱ्यांत मासे वाढवले, ते उदाहरण आज देशभर दाखवलं जातं. दोन्हीकडे पाण्यावर आधी त्यांचाच हक्क मानला गेला, तंत्र नंतर आलं.

महाराष्ट्रात पिंजरे आधी आले. एकेक पिंजरा लाखांचा, त्यात पंगस नाहीतर चिलापी, खाद्याची पोती दर आठवड्याला. चाळीस किंवा साठ टक्के अनुदान मिळतं, पण सहसा काम आधी आणि पैसा नंतर. उरलेला हिस्सा आणि पहिल्या हंगामाचं खाद्य ज्याला झेपतं तोच पिंजरा टाकतो. मग संस्थेचे सभासद आपल्याच धरणावर रोजंदारीने पिंजऱ्यांची राखण करताना दिसतात. सगळीकडे असं नाही, पण अपवाद म्हणण्याएवढं कमीही नाही. पिंजऱ्याखाली साचणाऱ्या विष्ठेचा आणि उरल्या खाद्याचा प्रश्न वेगळाच. पाणी खाली गेलं की तळाचं कुजकं पाणी वर येतं आणि एका रात्रीत सगळा माल जातो.

उजनीने तर आपला निकाल स्वतःच लावला. १९५२ मध्ये देशात आणलेला मोझांबिक चिलापी कुठून कुठे पसरला याचा नकाशा कुणाकडे नाही, पण भीमेच्या या जलाशयात चिलापी एवढा झाला की भिगवण आणि इंदापूरच्या बाजारांची ओळखच तो झाला. स्थानिक जाती मागे हटल्या, हे नुकसान खरं. हजारो कुटुंबांची चूल त्याच चिलापीवर चालते, हेही खरं. आता त्याला हुसकावण्याची भाषा करण्यात अर्थ नाही. जाळ्याची आस सांभाळणं आणि सोडलेलं बीज दोन महिन्यांत उपसलं जाणार नाही हे बघणं एवढं जमलं तरी पुष्कळ. थाई मांगूर मात्र वेगळा. केंद्राने २००० मध्ये त्याच्या पालनावर बंदी घातली, कारण तो स्थानिक मासे फस्त करतो आणि सडक्या मांसावर पाळला जातो. भीमा खोऱ्यात अजून त्याची तळी सापडतात, धाड पडते, तळी बुजवली जातात, पुन्हा खणली जातात.

बायोफ्लॉकबद्दल दोन ओळी पुरेत. टाकीतल्या जिवाणूंनी घाण पचवायची आणि मासे दाटीने वाढवायचे, हे तंत्र खोटं नाही. पण हवा देणारा पंप तास-दोन तास बंद पडला की मासे मरतात. जिथे वीज रात्री कधी येते हे माहीत नाही तिथे हे तंत्र दोन दिवसांच्या प्रशिक्षणात विकलं गेलं, आणि प्रशिक्षण देणाऱ्यांनी त्यात बरा धंदा केला.

किनाऱ्यावरचा धडा जुना आहे. नव्वदच्या दशकात पूर्व किनाऱ्यावर कोळंबीची लाट आली, पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने १९९४-९५ मध्ये ती फोडली, आणि ११ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातली औद्योगिक कोळंबी तळी हटवायचा आदेश दिला. पारंपरिक पद्धतींना त्यातून वगळलं होतं. गोव्याची खाजणं ही त्या परंपरेतली. बांध, मानस नावाचं झडपेचं दार, पावसाळ्यात कोरगूट भात आणि नंतर भरतीच्या पाण्याबरोबर आत येणारा मासा. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो आणि तिथेच आता रोग आहे: जास्त मासा मिळावा म्हणून ठेकेदार खारं पाणी जास्त आत घेतो, बांध खचतो, भात जातो. पुन्हा ठेक्याचीच गोष्ट.

आंध्रातल्या लहान कोळंबी शेतकऱ्यांनी त्या पडझडीतून एक शहाणपण घेतलं. एका ओढ्यावरच्या शेतकऱ्यांनी गट करून एकाच वेळी बीज सोडायचं, ते आधी तपासून एकत्र विकत घ्यायचं, रोग आला तर पाणी शेजाऱ्याकडे सोडायचं नाही. सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाने २००७ मध्ये त्यासाठी वेगळं केंद्र उभारलं. विदर्भातल्या एका साखळीतल्या तलावांना, किंवा सिंधुदुर्गात कांदळवन योजनेतून खेकडे आणि कालवं पाळणाऱ्या गटांना हीच रीत लागू पडावी.

पैशाचं बघू. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मत्स्यशेतकऱ्याला खुलं आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमकक्ष दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यासारखी वागणूक मिळावी हा हेतू. चांगलं झालं. पण बँकेच्या खिडकीवर सातबारा मागतात आणि ठेक्याचा तलाव संस्थेच्या नावावर असतो. सभासदाकडे दाखवायला काय, तर संस्थेचं पासबुक. ठेक्याच्या करारात सभासदाचा वाटा नोंदवून त्यावर कर्ज द्यायला रिझर्व्ह बँकेची काही आडकाठी असल्याचं ऐकिवात नाही. शाखेला सवय नाही एवढंच. मत्स्य संपदा योजनेखाली २०२४ मध्ये मंजूर झालेल्या सहा हजार कोटींच्या उपयोजनेत जलशेतीच्या विम्याला प्रोत्साहन आहे. तिथेही अडचण तीच: मेलेला मासा मोजायला कोण येणार, आणि किती तासांत?

तांत्रिक सल्ल्याची गोष्ट अशी की वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था, रत्नागिरी, नागपूर आणि उदगीरची मत्स्य महाविद्यालयं राज्यातच आहेत. ज्ञान कमी नाही. पण शेतकऱ्याचे मासे पहाटे मरतात आणि अधिकाऱ्याकडे अर्धा जिल्हा असतो. पाणी तपासायचा साधा संच आणि एक वजनकाटा घेऊन फिरणारी गावातलीच मुलगी, जशी आरोग्यात आशाताई, तशी मत्स्यव्यवसायात हवी. आशाताईसारखं तिला तुटपुंज्या मानधनावर राबवू नये, एवढं वाटतं. ‘सागर मित्र’ नावाची योजना किनाऱ्यावरच्या गावांसाठी आहे. तलावांच्या गावांना असा मित्र मिळालेला नाही.

राहिला बाजार. नागपूर, नांदेड, सोलापूर, कुठल्याही मंडईत पहाटे जा. थर्माकोलच्या पेट्यांत बर्फाखाली आंध्रचा रोहू-कटला असतो. एकसारख्या आकाराचा, रोज येणारा, स्वस्त. स्थानिक संस्था वर्षातून दोन-तीनदा जाळं ओढते, एकदम दोन-चार क्विंटल मासा काढते, बर्फ नसतो, आणि दुपारपर्यंत व्यापारी सांगेल तो भाव घेते. आंध्रशी स्वस्ताईत कुणी जिंकणार नाही. पण चार-पाच दिवस बर्फात राहिलेल्या माशापेक्षा सकाळी काढलेला मासा गावातलं गिऱ्हाईक ओळखतं आणि जादा पैसे मोजतं. जिवंत मरळाला तर भाव विचारावा लागत नाही. याचा फायदा घ्यायचा तर काढणी एकदम न करता आठवड्याला थोडी करायला हवी, गावच्या बाजाराच्या वाराप्रमाणे.

मागणीचं पंचांगही आपल्याकडे वेगळं आहे. मृगाला मासे खाण्याची रीत गावोगाव आहे. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद असते, म्हणजे किनाऱ्याचा मासा येत नाही आणि गोड्या पाण्याच्या माशाला वर्षातला सर्वांत चांगला भाव याच दिवसांत मिळतो. मग श्रावण लागतो आणि भाव पडतो. पण जूनमध्ये लहान शेतकऱ्याचं तळं कोरडं असतं. ज्याच्या तलावात माशासाठी राखलेलं चार-पाच फूट पाणी शिल्लक आहे तोच मृगाचा बाजार साधतो. टोपली घेऊन त्या बाजारात बसते ती बहुतेक ठिकाणी ढिवराची बाई. भाव तिला कळतो, गिऱ्हाईक तिचं असतं, उधारी तिच्या डोक्यात असते. संस्थेच्या सभासद यादीत मात्र तिच्या नवऱ्याचं नाव आहे. तलावात किती फूट पाणी राखायचं हे ठरवायला जी बैठक भरेल तिथे बसायचा अधिकार त्या यादीतूनच येतो.